तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आता गोळा करण्यासारखं उरलंय काय?’

ग्लासगोला आमच्याकडे आलेला पाहुणा असो की पुण्याहून फोनवर बोलणारी मावशी, माझ्या कामाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. स्कॉटलंडची राजकीय लोकगीतं पुस्तकांत छापून झाली, टेपवर उतरली, आता तर इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. मग तू अजून गोळा काय करतेस? परवा तुम्हीही तेच विचारलंत. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

प्रश्न रास्त आहे. एवढ्याशा देशाच्या मानाने इथे जमलेला ऐवज प्रचंड आहे. अ‍ॅबर्डीनशायरमध्ये गॅव्हिन ग्रेग नावाचे शाळामास्तर आणि जेम्स डंकन नावाचे पाद्री, या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ३,००० च्या वर गाणी उतरवून घेतली. ग्रेग मास्तर १९०७ पासून तिथल्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला गाण्यांवर सदर लिहायचे आणि वाचकांकडून त्यांच्याकडची गाणी मागवायचे. लोक पाठवायचे. एकाने पाठवलेलं गाणं दुसऱ्याला वेगळं येत असायचं, मग त्याचं पत्र यायचं. दोघंही १९१७ पर्यंत वारले आणि त्यांचा संग्रह ८ खंडांत छापायला १९८१ साली सुरुवात झाली, ती २००२ मध्ये संपली.

त्या खंडांतली शेतगड्यांची गाणी मला सगळ्यांत जवळची. गडी सहा-सहा महिन्यांच्या कराराने बाजारात उभे राहून कामाला लागायचे आणि वाड्याच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत, ‘बॉथी’त, राहायचे. मालक कसा आहे, जेवण काय मिळतं, घोडे कसे आहेत, हे सगळं शेताच्या नावानिशी गाण्यात यायचं. ड्रमडेल्गीच्या गाण्यात पहाटे पाचला उठून घोड्यांना दाणा घालण्यापासून सगळा दिवस आहे. पुढच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गड्याला त्या शेताची बातमी अशी चालीवर मिळायची. याला राजकीय गाणं म्हणायचं का, असं मला विचारतात. मी म्हणते. ज्याची तक्रार कोणी कागदावर घेत नव्हतं, त्याने ती मालकाचं नाव घेऊन चारचौघांत गायली, यापेक्षा राजकीय काय असतं?

पुढे १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’ सुरू झालं. कॅलम मॅक्लीन, हेमिश हेंडरसन अशी माणसं टेपरेकॉर्डर घेऊन बेटांवर, शेतांवर, पालं टाकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांत फिरली. २०१० च्या अखेरीस ‘टोबर अन दुअलखिश’ या संकेतस्थळावर त्यातल्या हजारो फिती ऐकायला खुल्या झाल्या. मी स्वतः कित्येक रात्री त्या ऐकण्यात घालवल्या आहेत, आणि ज्यांनी हे केलं त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

तरीही माझ्या मते राजकीय गाणं नुसत्या शब्दांत जपलं जात नाही. ते कोणावर रोखलेलं होतं, कुणाची चाल उचलून बांधलं होतं, म्हणताना समोर कोण उभं होतं आणि पुढे कुणी त्यात काय बदललं, हे सोबत नसेल तर हातात फक्त पद्य राहतं. टेप महाग होती. गाणं संपलं की यंत्र बंद व्हायचं. गाण्याच्या आधीचं बोलणं आणि नंतरचा वाद खूपदा त्यामुळेच निसटला. मी गोळा करते ते हे.

चालीचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढणाऱ्या दोस्तांच्या सैनिकांना कळलं की मायदेशी त्यांना ‘डी-डे चुकवणारे’ म्हणून हिणवलं जातंय, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरून लढायची नॉर्मंडीची खरी लढाई टाळून इटलीत मजा मारणारे. ब्रिटिश खासदार लेडी अ‍ॅस्टर असं बोलल्याची वदंता होती. बाईंनी ती नाकारली. सैनिकांनी ते नाव आपणहून घेतलं आणि त्यावर गाणं रचलं. मजेत आहोत, दारू पितोय, ऊन खातोय, असं म्हणत म्हणत गाणं शेवटी डोंगरउतारावरच्या क्रुसांपाशी येतं. चाल कुठली? ‘लिली मार्लीन’ची. म्हणजे शत्रूच्या छावणीत वाजणारी. वाळवंटात दोन्हीकडचे सैनिक रेडिओवर तेच ऐकायचे. नुसते शब्द वाचणाऱ्याला ही गोष्ट दिसणारच नाही, आणि गाण्याचं निम्मं दुःख तर त्या चालीत आहे. हेंडरसन स्वतः त्या सैन्यात होते, अशी गाणी जवानांकडून टिपून घेत होते. १९४७ मध्ये त्यांनी ती छापली तेव्हा सेन्सॉरच्या कात्रीतून वाचवण्यासाठी एका मंडळाच्या सभासदांपुरती खासगी प्रत म्हणून काढली.

दुसरं उदाहरण ग्लासगोजवळचंच. मार्च १९६१ मध्ये अमेरिकेचं ‘प्रोटियस’ जहाज होली लॉख या खाडीत नांगर टाकून उभं राहिलं, पोलारिस अण्वस्त्रांच्या पाणबुड्यांची देखभाल करायला. तिथून ग्लासगो शहर तासा-दोन तासांवर. लोक मोर्चे काढून गुरॉकहून बोटीने डनूनला जायचे, काही जण तर छोट्या कनू वल्हवत जहाजापर्यंत पोचले. मॉरिस ब्लाइथमन नावाच्या शाळामास्तरांनी आणि त्यांच्या मित्रांनी मोर्चासाठी गाण्यांचा सपाटा लावला. नियम सोपा होता. चाल प्रत्येकाला शाळेपासून पाठ असलेली हवी, म्हणजे पहिल्या कडव्यालाच मोर्चा गायला लागतो. ‘मेल्यावर डॉलर खर्चता येत नाही’ हे धृपद असलेलं गाणं ज्या चालीवर बसवलं, ती इथल्या पोराटोरांच्या तोंडची, आजीला बसमधून ढकलू नये असं सांगणाऱ्या गाण्याची. अमेरिकी तळाच्या कप्तानाने निदर्शकांना एस्किमो म्हटलं, तर ‘आम्ही ग्लासगोचे एस्किमो’ असं गाणं तयार. त्याची चाल कुठली, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं: फुटबॉलच्या मैदानावर प्रॉटेस्टंट टोळकी ज्या चालीवर कॅथलिकांना डिवचायची, तीच. स्वतंत्र स्कॉटलंडच्या बाजूने लिहिताना ब्लाइथमननी ऑरेंज लॉज या कट्टर प्रॉटेस्टंट संघटनेच्या मिरवणुकीची चालही अशीच घेतली होती. या शहरात धर्मावरून कामगार दुभंगलेला होता. ज्या चालीवर तो दुभंगला, तीच चाल दोघांच्या तोंडी एका मागणीसाठी घालायची, हे फार धाडसाचं आणि विचारपूर्वक केलेलं काम होतं. म्हणून मी कुणाकडे गाणं उतरवायला बसले की पहिल्यांदा विचारते, कशाच्या चालीवर?

मागच्या वर्षी क्लाइड नदीकाठच्या एका गावात, वडील वारल्यावर घर रिकामं करणाऱ्या एका बाईंनी मला बोलावलं. वडील शिक्षक होते. बुटांच्या खोक्यात शाळेतल्या जुन्या छपाईयंत्रावर काढलेले कागद होते, ती फिकट जांभळी शाई असलेले. एका कागदावरच्या गाण्यात ‘पोलारिस’ शब्द जिथे जिथे येतो, तिथे तिथे पेन्सिलने खोडून वर ‘ट्रायडंट’ लिहिलेलं. इंग्रजी उच्चारात पोलारिसला तीन ठोके, ट्रायडंटला दोन. ओळ लंगडायला नको म्हणून पुढे एक बारकासा शब्द घुसवून मात्रा भरलेली. एका ओळीत ते जमलं नव्हतं, तिथे तीन वेगवेगळ्या जुळण्या करून तिन्हींवर काट. कागदाच्या पाठीवर बसने येणाऱ्यांची यादी, काहींच्या नावापुढे पैसे मिळाल्याची खूण. छापील पुस्तकात हेच गाणं आहे, शुद्ध आणि नीटनेटकं, १९६०च्या दशकाचं म्हणून. या कागदावर मात्र ते तीस वर्षांनंतर पुन्हा कामाला लागलेलं दिसतं, नव्या क्षेपणास्त्राविरुद्ध, त्याच माणसाच्या हातून. अशी खोकी घर विकताना सगळ्यात आधी कचऱ्यात जातात, कारण दिसायला ती शाळेची रद्दीच असते. त्या बाईंनी ती ठेवली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कुणी रचलं हा प्रश्नही सोपा नाही. माणूस अखेर माणूस आहे, पदवी हा नुसता नाण्यावरचा शिक्का, असं सांगणारं स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचं गाणं १७९५ मध्ये पहिल्यांदा छापलं गेलं ते निनावी. त्याच्या दोनच वर्षं आधी थॉमस म्यूर या वकिलाला राजद्रोहाच्या खटल्यात १४ वर्षं काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियाची, शिक्षा झाली होती. आणि बर्न्स तर सरकारच्या अबकारी खात्यात नोकरीला. १ जुलै १९९९ ला स्कॉटलंडची संसद उघडली तेव्हा शीना वेलिंग्टन यांनी हेच गाणं राणीसमोर म्हटलं आणि शेवटच्या कडव्याला सभागृह गाऊ लागलं.

उलटही होतं. जेम्स हॉग या लेखकाने १८१९ मध्ये जॅकोबाइट बंडाच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला परत गादीवर आणू पाहणाऱ्यांच्या बंडाच्या, काळातली गाणी म्हणून एक संग्रह काढला. एडिंबरातल्या नामवंत समीक्षकाने तो झोडपला, पण एका गाण्याची खऱ्या जुन्या गाण्याचा नमुना म्हणून वाखाणणी केली. ते हॉगनी स्वतःच रचलेलं होतं, आणि त्यांनी ते नंतर जाहीर केलं. गाणं छानच आहे. मला मात्र यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जमवणाऱ्याने स्वतःची भर कुठे आहे ते त्याच वेळी लिहून ठेवलं पाहिजे. हेंडरसनसारखा मोठा माणूसही ऐकलेल्या गाण्यात आपलं कडवं मिसळायचा. परंपरा वाहती आहे, असं तो म्हणायचा, आणि गाणाऱ्याच्या बाजूने मला ते पटतं. नोंद ठेवणाऱ्याच्या बाजूने पटत नाही.

डंडीच्या मेरी ब्रुक्सबँकचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. जन्म १८९७. लहान वयात तागाच्या गिरणीत लागली, पुढे कम्युनिस्ट झाली, तुरुंगात गेली. डंडीला कच्चा ताग बंगालमधून यायचा, आणि गिरण्यांत बहुतेक बायका आणि पोरं. यंत्रांचा आवाज एवढा की बायका ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायच्या. त्या कल्लोळात पोरींच्या तोंडी फिरणारा तुकडा घेऊन मेरीने गाणं बांधलं: गिरणी जोरात चाललीय, बॉबिनं बदलणाऱ्या पोरांना दम नाही, आणि हे सगळं दहा शिलिंग नऊ पेन्सच्या पगारासाठी. एखाद्या गाण्यात पगाराचा आकडा पेन्ससकट असतो, तेव्हा मला फार भरून येतं. ‘गरीब’ हा शब्द कुणीही घालेल. नऊ पेन्स तीच घालते जिने ते हातात मोजून घेतलेत. याच गाण्यातल्या, सगळ्यात जास्त राबणाऱ्याला सगळ्यात कमी मिळतं या अर्थाच्या ओळी आज एडिंबरात संसदेच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या आहेत. दगडात आल्या याचा आनंद आहे. पण मूळ तुकडा कुठवर आणि मेरीची भर कुठून, हे सांगू शकणाऱ्या गिरणीतल्या बायका गेल्या. त्यांच्या लेकी-सुना आहेत. त्यांना मी विचारत असते.

मला न आवडणारी गाणीही मी घेते. द्वेषाची, दुसऱ्याच्या धर्माला शिव्या देणारी. ती मी कार्यक्रमात म्हणत नाही, कुणाला शिकवत नाही. पण नोंदीतून वगळली तर एस्किमोंच्या चालीचा अर्थ पन्नास वर्षांनी कुणाला लागणार नाही.

आणि तू मराठी बाई, तुझं यात काय, असंही तुम्ही हळूच विचारलंत. हेंडरसनने १९६० मध्ये शांततेच्या मोर्चेकऱ्यांसाठी एक गाणं लिहिलं, ‘फ्रीडम कम-ऑल-यी’. पहिल्या महायुद्धातल्या एका बॅगपाइपच्या चालीवर. त्यात तो आपल्याच लोकांना सांगतो की आपण ज्या मुलखांना लुटलं, तिथली मोडलेली घरं आता तरी आपल्याला शाप देणार नाहीत असं वागू या. हे ऐकताना मला जालना जिल्ह्यातलं असई आठवतं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर वेलस्लीने जी चढाई केली, तीत ७४वी आणि ७८वी या स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणी होत्या. ७४वीच्या निशाणावर त्यानंतर हत्ती आला, खाली असईचं नाव. तिचीही माणसं त्या दिवशी ढिगाने मेली, आपलीही. लुटलेल्या मुलखांत आपला मुलूख आहे, आणि ते कबूल करणारं गाणं त्याच देशातल्या, त्याच सैन्यातल्या माणसाने लिहिलंय. पुष्कळांना ते राष्ट्रगीत व्हावंसं वाटतं. हेंडरसनला ते नको होतं, आणि माझंही मत त्याच्याच बाजूने आहे. सरकारी समारंभात उभं राहून म्हणायचं झालं की ते कुणाला टोचणार?

तेव्हा उरलंय ते हे, आणि ते घराघरांत उरलंय. तुमचा भाचा अ‍ॅबर्डीनला तेलकंपनीत आहे ना? त्याला एवढं सांगा: शेजारचं कुणी म्हातारं माणूस गेलं आणि घर आवरायला काढलं, तर कागदांची खोकी बाहेर टाकण्याआधी मला एक फोन करा. कॅसेट असेल तर ती लावून बघू नका, जुनी फीत तुटते. आणि कागद असेल तर त्याची पाठ बघा.