हर्णैत जेवायचं तर घड्याळ बघून

दापोलीहून हर्णै १५-१६ किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा, बाकी सांगण्यासारखं काही नाही. सुवर्णदुर्ग पाण्यात उभा, कनकदुर्गाच्या काळ्या कातळावर दीपगृह, आणि त्या कातळाच्या आडोशाला बंदर. किल्ल्यांवर पुष्कळांनी लिहिलंय. माझा राग आहे तो दुपारी साडेतीनला खानावळीच्या दारात उभं राहून 'गरम थाळी आहे का' विचारणाऱ्यांवर. तीच मंडळी घरी जाऊन लिहितात, की हर्णैत खायची सोय नाही.

सोय आहे, पण ती वेळेची आहे. घरगुती खानावळीत भात आणि भाकऱ्या माणसं मोजून होतात आणि मासा सकाळी बंदरावर जाऊन आणला जातो. म्हणून किती माणसं आणि कोणता मासा, हे आदल्या रात्री, फार तर सकाळी नऊच्या आत फोनवर सांगायचं. जेवण साडेबारा ते अडीच. रात्री नऊनंतर आशा सोडायची. आणि 'मेनू काय?' असं विचारू नका, 'आज काय आलंय?' असं विचारा. बाराही महिने सुरमई वाढणाऱ्या हॉटेलांची तुकडी कागदाएवढी असते आणि वरचा रवा मात्र बोटभर, हे माझं ठाम मत.

लिलाव सकाळी असतो, पण खरी गंमत संध्याकाळी चार-साडेचारपासून. होड्या जरा आत नांगर टाकतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात. या बंदराची ओळखच ती. टोपल्या ओतल्या, की भोवती कडं जमतं आणि बोली सुरू होते. त्या कड्यात तुम्ही शिरू नका. तिथे माल ढिगाने जातो, घेणारे व्यापारी असतात आणि मध्ये उभा राहिलेला पर्यटक सगळ्यांच्या पायात येतो. चार पावलं मागे कोळणी वाटे, म्हणजे मासळीचे छोटे ढीग, लावून बसलेल्या असतात, आपली खरेदी तिथे. वाट्यावर घासाघीस चालते, पण वजनाला घेतलंत तर साफ करायच्या आधीचं वजन की नंतरचं, ते आधी ठरवा. सालासकटची १ किलो कोळंबी सोलल्यावर निम्म्याच्या आसपास उरते, आणि चौघांच्या जेवणाचा हिशेब नेमका इथे चुकतो.

पापलेट घेताना कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं. पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर किंवा पिवळट आलं तर पुढच्या वाट्याकडे चला. बांगड्याचा डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. आत गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे कालचा माल. कोळंबीचं डोकं सैल किंवा काळं पडलेलं नको. तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिटलेल्याच घ्यायच्या. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही तर टाकून द्यायची. शिजवल्यावर उलट हिशेब, तेव्हा जी उघडली नाही ती खायची नाही. साफ करून देणाऱ्या बायका तिथेच असतात, त्यांचे पैसे वेगळे. सुरमईच्या तुकड्या बोटभर जाड करून मागा, पातळ तुकडी तव्यावर कोरडी पडते.

हा मासा रांधून देणाऱ्या खानावळी आहेत, मात्र तेही आधी विचारून. साडेपाचला पिशवी पोचली तर आठला ताट मिळतं. घरी न्यायचा असेल तर खोक्यात एक थर बर्फाचा, एक माशाचा, आणि तळाला भोक. भोक नसलं तर वितळलेल्या पाण्यात मासा तासन् तास भिजतो आणि मुंबईपर्यंत लिबलिबीत होतो.

आता सोलकढी. गुलाबी झगझगीत रंग दिसला, की मी पेला बाजूला सारतो, कारण आमसुलांचा खरा रंग जरा मळकट, फिकट गुलाबी असतो. करायची रीत सोपी आहे. १०-१२ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करायची. एका नारळाचं खोबरं, दोन-तीन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची पाणी घालून वाटायची, फडक्यातून पिळायची. चोथा पुन्हा वाटून दुसरं दूध काढायचं. सगळं एकत्र करून मीठ. विस्तवावर ठेवली तर फुटते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलं तर मीठ चव बघूनच, कारण आगळात ते आधीच असतं. सकाळी केलेली कढी फ्रीजमध्ये राहिली, की खोबऱ्याचा मेद वर गोठतो आणि पेल्यात पांढऱ्या गुठळ्या येतात. नासली म्हणून भांडू नका, फक्त ती ताजी नाही. तहानेला मात्र कोकम सरबत किंवा शहाळं. सोलकढी जेवणाबरोबरची, नाहीतर शेवटच्या भातावरची.

शाकाहारी मंडळींनी शेजारच्या मुरूडला किंवा आंजर्ल्याला जावं. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. आयत्या वेळी मोदक मागणं म्हणजे उकड काढणाऱ्या बाईचा अपमान.

जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुके बोंबील, सुकट आणि गरम भाकरी मागा. जुलैत कुठे 'ताजं पापलेट' अशी पाटी दिसली, तर ते बहुधा बर्फातलं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून गाडीने आलेलं.