बीएसए एम-२० ची व्हिंटेज नोंदणी : माझा अनुभव

ब्रिटनमधील बीएसए कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मोटारसायकलींवर इंजिनाचा क्रमांक आणि चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे येत असत. एवढी एक गोष्ट परिवहन कार्यालयाला पटवून देण्यात माझे इतके महिने गेले, की नोंदणी प्रमाणपत्र हातात येऊनही त्या दिवसांची चीड अजून पूर्णपणे गेलेली नाही. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळची ब्रिटिश बनावटीची मोटारसायकल आहे आणि जे ती व्हिंटेज वाहन म्हणून नोंदवू पाहत आहेत, त्यांचा तरी हा वेळ वाचावा म्हणून हे लिहीत आहे.

आमची गाडी १९४२ सालची एम-२०. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातील कारखान्यात दुसऱ्या महायुद्धासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि लष्करी निरोप पोहोचवणाऱ्या डिस्पॅच रायडरांनी त्या निरनिराळ्या आघाड्यांवर चालवल्या. युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या वाहनांमधून ही गाडी माझ्या आजोबांनी घेतली. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि कुंभार्ली घाटातल्या रस्त्याच्या कामावर ते हिच्यावरूनच जात. ४९६ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन, सुमारे १३ अश्वशक्ती आणि कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) पाचाहूनही कमी, त्यामुळे हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते निमूट ओढत राही. मात्र मागच्या चाकाला सस्पेन्शन मुळीच नाही, सीटखालच्या स्प्रिंगा एवढाच काय तो आधार. अशा गाडीवरून भर पावसाळ्यात, तेव्हाच्या खडीच्या रस्त्याने, रोज घाट चढणाऱ्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ही गाडी भंगारात जाऊ न देण्याचे खरे कारणही तेच आहे.

व्हिंटेज वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नमुना २० मधला अर्ज, विमा, शुल्क आणि आधी भारतात नोंदलेली गाडी असल्यास जुने आरसी बुक, एवढी कागदपत्रे लागतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुढच्या पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो, ही या नियमांतली मला सर्वांत आवडलेली तरतूद. कारण मुंबई राज्याच्या काळात मिळालेला तो क्रमांक आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. आजोबांच्या नावावरून गाडी माझ्या नावावर करणे, गाडी चालू स्थितीत आणणे आणि ऑनलाइन अर्ज भरणे ही कामे सुरळीत पार पडली.

अडचण उभी राहिली ती कागदपत्रांच्या पडताळणीत. याच नियमांत अशी अट आहे, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेली गाडी व्हिंटेज म्हणून धरली जाणार नाही. माझी फाइल पाहणाऱ्या निरीक्षकांनी चासीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेले ठसे) शेजारी शेजारी ठेवले आणि ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही नंबर वेगळे आहेत. याचा अर्थ इंजिन बदललेलं आहे. ही गाडी व्हिंटेजमध्ये बसणार नाही." त्यांच्या पाहण्यात आलेल्या इतर काही जुन्या गाड्यांवर दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक होता, आणि तोच सर्व जुन्या गाड्यांचा नियम असावा अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. मी त्यांना सांगितले, की बीएसएमध्ये इंजिनांची आणि चासींची क्रमांकमालिका स्वतंत्र होती, जुळणी करताना हाताला येईल ते इंजिन चासीवर चढत असे, आणि दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक ठोकण्याची पद्धत त्या कारखान्यात पुष्कळ नंतर आली. त्यावर त्यांचे उत्तर असे, की हे कुठे लिहिलेले आहे ते दाखवा. मागणी रास्त होती. परंतु ती त्यांनी कागदावर कधीच लिहून दिली नाही, आणि पुढच्या सगळ्या मनस्तापाचे मूळ मला त्यातच दिसते.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते निरीक्षक बदलून गेले होते आणि नव्या निरीक्षकांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनाही तोच संशय आला, आणि वर गाडी चोरीच्या सुट्या भागांतून जोडलेली नाही कशावरून, असा नवा प्रश्न त्यांनी विचारला. ज्या माणसाने ही गाडी आयुष्यभर सरकारी कामावर जाण्यासाठी वापरली, त्याच्या गाडीवर चोरीचा संशय यावा याचे मला फार वाईट वाटले, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवले. दरम्यान ऑनलाइन अर्जाची स्थिती 'अपूर्ण' अशीच दिसत राहिली. प्रमाणपत्र साठ दिवसांत द्यावे असे नियमात आहे खरे. पण अर्ज अपूर्ण आहे असे म्हटले की ते साठ दिवस सुरूच होत नाहीत, असे मला खिडकीवर सांगण्यात आले. कोणती त्रुटी आहे हे विचारले की साहेबांना भेटा म्हणायचे, आणि साहेब पासिंगला बाहेर गेलेले असायचे.

शेवटी मी एक साधा लेखी अर्ज आवक विभागात दिला. माझ्या अर्जात नेमकी कोणती त्रुटी आहे आणि ती कोणत्या पुराव्याने दूर होईल, हे लेखी कळवावे, एवढेच त्यात लिहिले होते, आणि आवक क्रमांक घातलेली पोच मी घेतली. जे काम तोंडी विनवण्यांनी होत नव्हते ते या एका कागदाने मार्गी लागले. काही दिवसांत त्रुटीपत्र आले, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट मागितल्या होत्या: इंजिन मूळचेच असल्याचा पुरावा आणि क्रमांकांच्या पद्धतीबद्दल अधिकृत माहिती. ज्यांचे काम 'साहेबांना भेटा' या पायरीवर अडले असेल, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्रुटी लेखी मागावी.

पहिला पुरावा मिळाला तो ज्या जिल्ह्यात गाडी प्रथम नोंदली गेली तिथल्या जुन्या नोंदवहीतून. आमच्या आरसी बुकाचे पहिले पान ओलीने इतके खराब झाले होते, की त्यावरचे आकडे वाचताच येत नव्हते. तिथल्या अभिलेख कक्षातील एका वयस्कर लिपिकांनी लाल कापडात बांधलेले बस्ते उतरवून ती वही शोधून काढली आणि मला साक्षांकित उतारा दिला. त्या नोंदीत शाईने लिहिलेले इंजिन आणि चासीचे दोन्ही क्रमांक आजच्या प्रिंटशी अक्षरशः जुळतात. गाडी नागरी वापरात आली त्या दिवसापासून हेच इंजिन तिच्यावर आहे, हे सिद्ध करायला तो एकच कागद पुरेसा होता, आणि तो मिळवून देणाऱ्या त्या लिपिकांची मी कायम ऋणी राहीन.

दुसऱ्या पुराव्यासाठी मी ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लबला लिहिले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबच्या ग्रंथालयात जुन्या कारखान्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत आणि क्रमांकांवरून गाडीचे वर्ष सांगणारे पत्र शुल्क घेऊन ते देतात. त्या पत्रात आमच्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष तर आलेच. शिवाय दोन मालिका वेगळ्या असण्याची पद्धतही एका वाक्यात नमूद झाली. आपली विनंती पाठवतानाच ते वाक्य लिहून मागावे, कारण कार्यालयाला गाडीच्या वर्षापेक्षा त्याचीच गरज असते. पत्राचे मराठी भाषांतर करून सोबत जोडले तर वाचणाऱ्याचाही वेळ वाचतो.

उतारा आणि पत्र दाखल झाल्यावर पाहणी लवकरच लागली. व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीने अमल कार्ब्युरेटर, ठिणगी आणि वीज पुरवणारा लुकास मॅग्डायनो आणि पुढचे गर्डर फोर्क बारकाईने पाहिले आणि गाडी सुरू करून दाखवायला सांगितले. पेट्रोलचा कॉक उघडला, कार्ब्युरेटरमध्ये जास्त पेट्रोल येऊ देणारा टिकलर दाबला, इग्निशनचा लिव्हर मागे घेतला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून पिस्टन जागेवर आणला आणि किक मारली. इंजिन लागले, तेव्हा मला जो अभिमान वाटला तो लपवण्याचे काही कारण नाही. अनेक जण युद्धकाळातल्या या गाड्यांच्या टाकीवर क्रोम चढवून त्या चकचकीत करतात. तसे करू नये. लष्करासाठी त्या रंगवूनच दिल्या जात, आणि समितीही मूळ स्वरूपाबद्दलच विचारते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. चासीचा क्रमांक रंगाच्या थरांखाली दडलेला असेल तर रंग काढण्याचे रसायन लावून तो हळूहळू मोकळा करावा. ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश लावू देऊ नये, कारण आकडे झिजले की खाडाखोडीचा संशय येतो आणि तो दूर करणे दोन क्रमांकांच्या प्रश्नाहूनही अवघड जाईल. इंजिनाचा क्रमांक डाव्या बाजूला, सिलिंडरच्या पायथ्याशी क्रँककेसवर असतो. तिथले तेल आणि मळ रॉकेलने पुसले की प्रिंट स्वच्छ येतो. विम्याची चौकशीही लवकर सुरू करावी, कारण इतक्या जुन्या दुचाकीची पॉलिसी काढून द्यायला एजंट सहजासहजी तयार होत नाहीत.

या नोंदणीवर गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशाच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणीच्या वेळी हीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून होऊ नये, यासाठी उतारा आणि क्लबचे पत्र कायमस्वरूपी फाइलला जोडल्याची पोच मी लेखी घेऊन ठेवली आहे. आपणही ती मागून घ्यावी.