काचेखालच्या झेरॉक्स

ब्रुकलिन म्युझियमच्या दारात पिवळ्याधमक रंगाची दोन अक्षरं उभी आहेत, माणसाहून उंच. एका बाजूने वाचली तर 'यो', म्हणजे ब्रुकलिनमधली गल्लीतली हाक. दुसऱ्या बाजूने तीच अक्षरं 'ओय' होतात, यिडिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्या आज्यांचा उसासा. डेबोरा कॅस या चित्रकर्तीचं हे शिल्प. १७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. रात्री पडलेला बर्फ अक्षरांच्या बुडाशी साचला होता आणि माझी भाची हातमोजे काढून त्याचा फोटो घेत होती.

मी ताईकडे जर्सी सिटीला आले होते. जर्नल स्क्वेअरहून पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून भुयारातून चालत पार्क प्लेसला दोन नंबरची गाडी, आणि थेट म्युझियमच्याच नावाच्या स्टेशनवर उतरायचं. वाटेत भाचीने विचारलं, "मावशी, झीन हा शब्द तुला आधीपासून माहीत होता?" झीन म्हणजे स्वतःच लिहून, छापून वाटलेली छोटी पुस्तिका, आणि आम्ही त्यांचंच प्रदर्शन पाहायला निघालो होतो. शब्द नव्हता माहीत. वस्तू माहीत होती.

माझे बाबा शाळामास्तर. चाचणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते रात्री स्टेन्सिल कापत बसायचे. मेणाच्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने अक्षर कोरायचं, चुकलं तर करेक्शन फ्लुइडचा थेंब लावून फुंकर मारायची. दुसऱ्या दिवशी शाळेत शिपाईमामा सायक्लोस्टाईलचं हँडल फिरवायचे आणि ओल्या शाईचा तो उग्र वास वर्गापर्यंत यायचा. मोठी झाल्यावर कळलं, की मराठीत याच यंत्रावर कविता छापल्या गेल्या. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या विशीच्या आसपासच्या पोरांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाईल करूनच. १९६३ साली अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. आपल्याकडे त्यासाठी किती नेमका शब्द आहे: अनियतकालिक. जमेल तेव्हा निघेल, जमेल तितकं निघेल. अमेरिकेत विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी १९४०च्या सुमाराला आपल्या पत्रकांना 'फॅनझीन' म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यातला 'फॅन' गळला आणि झीन उरलं.

प्रदर्शनाचं नाव मराठीत सांगायचं तर 'झेरॉक्स मशीनचे जाहीरनामे'. ब्रँडन जोसेफ आणि ड्रू सॉयर या दोघांनी ते रचलेलं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या जवळजवळ १०० कलाकारांनी १९७०पासूनच्या पाच दशकांत काढलेली झीन, आणि त्यांच्या जोडीला त्यांचीच चित्रं, फोटो, व्हिडिओ, असे मिळून ८००हून जास्त नग. आत शिरल्यावर एका दमात काही कळत नाही. सगळीकडे कागद. चुरगळलेले, पिवळे पडलेले, पिनांभोवती गंज चढलेले.

मी सर्वांत जास्त वेळ पहिल्याच भागात काढला. त्याचा विषय पत्रव्यवहार. १९७०च्या दशकात कलाकारांची एक मोठी जमात गॅलरीच्या वाटेलाच न जाता एकमेकांना टपालाने कला पाठवत होती. टोरांटोच्या 'जनरल आयडिया' या तिघांच्या गटाने १९७२ साली 'फाइल' काढलं. मुखपृष्ठ थेट 'लाइफ' साप्ताहिकासारखं, लाल चौकोनात पांढरी अक्षरं, फक्त तीच चार अक्षरं उलटसुलट केलेली. 'लाइफ'च्या मालकांनी वकील पाठवले तेव्हा या मंडळींनी बोधचिन्ह बदललं आणि अंक चालूच ठेवले, १९८९पर्यंत. पण मला त्यातली खरी चीज वाटली ती पत्त्यांची यादी. कोण कुठे राहतो, त्याला काय पाठवलेलं आवडेल, हे त्यात छापलेलं असे. म्हणजे मासिक वाचून संपत नव्हतं. वाचणाऱ्याने पाकीट घेऊन तिकीट चिकटवायचं, ही त्याची पुढची पायरी होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अ‍ॅना बनाना या बाईंनी 'फाइल'चं पहिलं अक्षर बदलून १९७४ साली 'व्हाइल' सुरू केलं. टवाळीला टवाळीनेच उत्तर द्यायचं, तेही टपालाने.

त्या काचेच्या पेटीपुढे मला बाबांची आठवण फार आली. त्यांच्याकडेही अशी एक वही होती, पत्त्यांची. दिवाळी अंक कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद त्यात असे.

पंकचा, म्हणजे बंडखोर रॉक संगीताचा, भाग मी जरा भरभर पाहिला. रेमंड पेटिबॉनची काळ्या शाईची चित्रं मात्र पाय धरून ठेवतात. भावाच्या बँडसाठी, ब्लॅक फ्लॅगसाठी, चार काळ्या पट्ट्यांचं चिन्ह काढणारा हाच तो. कॅलिफोर्नियात त्याने चित्रांच्या पुस्तिका स्वतः छापल्या, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

त्याहून जास्त भिडला लॉस एंजेलिसचा जोई टेरिल. मेक्सिकन वंशाचा, समलिंगी, आणि दोन्हीकडे थोडा परका. १९७८-७९मध्ये त्याने 'होमबॉय ब्युटिफुल' नावाचं एक खोटंखोटं मासिक काढलं. मित्रांनाच उभं करून फोटो घेतले, आपल्या वस्तीतल्या मर्दानगीची आणि गुळगुळीत मासिकांची अशी दोघांचीही नक्कल केली. दोन अंक निघाले. मला वाटतं, ज्याला आपल्यासारखा चेहरा कुठल्याच मुखपृष्ठावर दिसत नाही, त्याने मुखपृष्ठच बनवणं ही केवढी धीट गोष्ट आहे.

पुढे टोरांटोच्या जी. बी. जोन्स आणि ब्रूस लाब्रूस यांच्या 'जेडीज' या झीनपाशी भाची बराच वेळ गप्प उभी होती. १९८५ ते १९९१, आठ अंक. त्यांनी पानापानांतून असा आव आणला, की टोरांटोत समलिंगी पंक पोरांची केवढी मोठी चळवळ चालू आहे. प्रत्यक्षात होते मूठभर. पण दूरदूरच्या गावांत ते वाचून एकेकट्या मुलामुलींनी आपापली झीन काढली आणि चळवळ खरोखरच उभी राहिली. त्याच काळातल्या कित्येक नावांपुढे मृत्यूचं साल फार लवकर येतं. बॉस्टनचा मार्क मॉरिसरो १९८९ साली गेला, 'जनरल आयडिया'तले दोघं १९९४ साली. एड्सने. पिना लावणारे हात गेले, पाच-दहा पैशांचा कागद राहिला.

मिरांडा जुलैचा कोपरा भाचीचा आवडता. १९९५ साली पोर्टलंडमधून या मुलीने एक पत्रक वाटलं: बायांनो, तुम्ही बनवलेली छोटी फिल्म मला पाठवा, मी तुम्हाला दहा जणींच्या फिल्म एका टेपवर भरून परत पाठवीन, सोबत सगळ्यांची पत्रं असलेली पुस्तिका. साखळीपत्रच ते. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी एकमेकींना शोधायची ही युक्ती पाहून भाची म्हणाली, "म्हणजे ती वाट बघायची, मावशी? आठवडेच्या आठवडे?" हो, वाट बघायची. पोस्टमन दिसला की पोटात गोळा यायचा, हे तिला कसं समजावू?

एक रुखरुख मात्र शेवटपर्यंत राहिली. प्रत्येक झीन काचेखाली. वीस पानांच्या पुस्तिकेचं एकच पान उघडं, नाहीतर नुसतं मुखपृष्ठ. कागद इतका स्वस्त आणि नाजूक आहे की हाताळायला दिला तर वर्षभरात त्याचा भुगा होईल, हे मला कळतं. जपणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. तरी काचेवर वाकून वाकून मान दुखायला लागली, तेव्हा बोटं नुसती शिवशिवत होती.

म्हणून रविवारी दोन ठिकाणं ठरवली. पहिलं अ‍ॅस्टोरिया. आपण ज्याला सरसकट 'झेरॉक्स काढणं' म्हणतो ते पहिल्यांदा घडलं ते क्वीन्समधल्या या उपनगरात, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कचेरीत काम करायचा, कागदपत्रांच्या नकला करून करून कंटाळलेला. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्याने आणि त्याच्या मदतनिसाने अंधारात कापडाने घासला, काचेच्या पट्टीवर शाईने '१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया' लिहून ती वर ठेवली, काही सेकंद दिवा लावला, पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. अक्षरं पत्र्यावर राहिली. मेणकागद दाबून ती उचलली. वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. ऑफिसात चालेल असं यंत्र बाजारात यायला १९५९ साल उजाडलं. आम्ही ३७व्या रस्त्यावरून चाललो तेव्हा एक आजोबा पायरीवरचा बर्फ खरवडत होते, बाकी सगळं शांत. पाहण्यासारखं तिथे काही नाही. मला तरी तिथे जाऊन उभं राहायचं होतं, राहिले.

तिथून सात नंबरने हडसन यार्ड्स आणि अकराव्या अ‍ॅव्हेन्यूने खाली चालत 'प्रिंटेड मॅटर'. नदीचा वारा तोंडावर घेत आठ गल्ल्या. १९७६ साली सोल लेविट, ल्युसी लिपर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेलं हे कलाकारांच्या पुस्तकांचं दुकान, नफ्यासाठी नसलेलं. इथे सगळं हातात घेता येतं. मी हातमोजे खिशात कोंबले आणि दोन तास नुसती पानं उलटली. रिसोग्राफ या छपाईयंत्राची शाई बोटांना किंचित लागते. वासही येतो, बाबांच्या स्टेन्सिलसारखा नाही, पण त्याच घराण्यातला. एक पुस्तिका घेतली: कोणीतरी आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची चित्रं काढलेली, बारा पानं, दोन पिना.

परतीच्या पाथमध्ये भाचीने बॅगेतून कोरा कागद काढला. तीनदा घडी घालून आठ घरं पाडली, उलगडला, मधल्या दोन घरांची रेघ नखाने दाबून फाडली कारण कात्री नव्हती, आणि दोन्ही टोकं आत ढकलून एका झटक्यात आठ पानांची पुस्तिका केली. पिन नको, शिलाई नको. सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला, त्यामुळे एक झेरॉक्स म्हणजे एक प्रत.

मुखपृष्ठावर तिने मराठी शाळेत शिकलेल्या, थोड्या वाकड्या देवनागरीत लिहिलं: १८-२-२४ जर्नल स्क्वेअर. मग पेन माझ्याकडे केलं.

"दुसरं पान तू, मावशी. गाडी थांबायच्या आत."