आमचा ल कुणी कापला?

माझं रोजचं काम म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स, एका बोर्डावर बावीस भाऊंचे फोटो न् प्रत्येकाला आपलाच मोठा पाहिजे. त्यामुळं ओळखीच्या सरांनी विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनासाठी 'एकाच फॉन्टवर पोस्टर कर' म्हटल्यावर मी पैसे पण विचारले नाहीत.

फॉन्ट घेतला टीरो देवनागरी मराठी. कॅनडातल्या टीरो टाइपवर्क्स या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, जॉन हडसन आणि फियोना रॉस यांचं काम, फुकट मिळतोय. त्यात फक्त रेग्युलर आणि इटॅलिक, बोल्ड नाहीच. म्हणजे जे काही करायचं ते साइज आणि मोकळ्या जागेवरच. (कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटलाइन देऊन खोटा बोल्ड करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, अक्षराच्या पोटातली पोकळी पार बुजवून टाकतात.)

शब्द सुचला तालमीचा. वर भलंमोठं 'लाल माती', खाली 'शड्डू'. लाल मध्ये दोन ल, शड्डूत श आणि एकाखाली एक बसलेला ड्ड. हा फॉन्ट घ्यायचं कारणच ते होतं, त्यातला ल आपला पाकळीचा आहे आणि श देठाचा, शाळेत गिरवलेले, मराठी वर्णमालेच्या २००९च्या शासन निर्णयात सांगितलेले. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडं उभी दांडी असते. कॉम्प्युटरला दोन्ही ल चा कोड एकच, कुठला दिसायचा ते फॉन्ट ठरवतोय, त्यामुळं हे तुम्ही वाचताय तिथंही बहुतेक दांडीचाच दिसत असेल. त्या दोन ल च्या मधला काना किती जवळ घ्यायचा यातच माझी एक रात्र गेली.

राजारामपुरीतल्या एका प्रिंटवाल्याला फाइल पाठवली, सगळं कर्व्ह करून (अक्षरांची चित्रंच करून टाकायची), म्हणजे फॉन्ट बदलायची भीतीच नको. पंचवीस कॉप्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर गठ्ठा तयार, आणि वरच्याच पोस्टरवर 'लाल'चे दोन्ही ल दांडीचे!

ऑपरेटर पोरगा बावीस-तेवीसचा, खुशीत सांगतोय, "दादा, तुमचा ल फाटला होता, फॉन्ट करप्ट हाय वाटतं. मी दुसऱ्या फॉन्टातनं घेऊन बसवलाय बघा, उंची पण मॅच केली." आणि खरंच केली होती हो, शिरोरेषेची जाडी सुद्धा जुळवलेली, बाहेरच्याला पत्ता लागायचा नाही. श कसा काय वाचला कुणास ठाऊक. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडताच येईना. मेहनत घेतली होती त्यानं, पण एक फोन करायचा की राव! कॅनडात बसून लोकांनी आपला ल जपला आणि तो कापला गेला कुठं, तर कोल्हापुरात.

शेवटी परत छापायचं ठरलं, कागदाचे पैसे निम्मे निम्मे. त्यानं पावती फाडली. पेननं लिहिलं होतं, 'लाल माती पोस्टर, २५ नग'. दोन्ही ल पाकळीचे, एकदम गोल, सुंदर.

मी पावती त्याच्यापुढं धरली, म्हटलं हा काय मग?

"तो हाताचा ल हाय दादा," तो म्हणाला, "छापायचा येगळा असतोय."