मेम्ब्रेन कॅपपायी गेलेला सप्टेंबर

सांगलीत राहून समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा, म्हणजे दर महिन्याला आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची. मांडवीच्या जेटीवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी डीओ मीटर, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, पाण्यात सोडायचा. ऑगस्टपर्यंत एकही महिना चुकला नव्हता.

मग रीडिंग स्थिर होईना. ऑक्सिजन संपवणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात मीटरचा प्रोब बुडवला, तर शून्याजवळ यायला हवा तो आकडा १.४ वरच अडकला. मेम्ब्रेन कॅप, म्हणजे प्रोबच्या टोकाची पातळ पडद्याची टोपी, संपली होती. बोटाच्या पेराएवढी वस्तू!

खरेदी विभागात सांगितलं, "मॅडम, तीन कोटेशन लागतील." त्या मॉडेलची कॅप एकच विक्रेता देत होता. बाकी दोघांनी भलत्याच मॉडेलचे दर पाठवले, म्हणून तुलनात्मक तक्ता जुळेना आणि फाइल परत आली. एकच विक्रेता असल्याचं पत्र जोडलं, तर त्यावर विभागप्रमुखांची सही हवी. सही झाली, तर जावक क्रमांक राहिला. रोज साडेतीनला मी त्या टेबलासमोर उभी. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खालचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं. मला तेच पकडायचं होतं. हे समजावून सांगितलं, तर उत्तर मिळालं, "पुढच्या महिन्यात मोजा की." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. सप्टेंबर हातचा गेला.

ऑक्टोबरात आमच्या लॅबचे मामा म्हणाले, "ताई, बीओडीच्या बाटल्या आहेत ना कपाटात." त्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या, विंकलर पद्धतीला चालणाऱ्या. रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची ही पद्धत १८८८ सालची, तिला कॅप लागत नाही. जेटीवरच बुडबुडा न राहू देता बाटली भरली, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं, तपकिरी साका बसला. बाटल्या अंधारात ठेवून सांगलीला आणल्या आणि त्याच रात्री आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन केलं. स्टार्चमुळे आलेला निळा रंग गेला तेव्हा डोळे भरून आले. मीटर चालू असला तरी दर फेरीला दोन बाटल्या विंकलरसाठी भराच. मीटर भरकटला तर त्यातूनच कळतं.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. माझा मीटर पूर्वी कृष्णेच्या घाटावर वापरलेला, क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, शून्यावर ठेवलेली. पहिल्याच फेरीत २७ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅम दाखवलं, पण हवेशी समतोल असलेल्या समुद्राच्या पाण्यात तेवढ्या तापमानाला साधारण साडेसहाच मावतो. क्षारता वहीत लिहिलेली होती, म्हणून आकडे दुरुस्त करता आले. मूळ आकडा खोडू नका, दुरुस्त केलेला शेजारच्या रकान्यात लिहा. कॅलिब्रेशनही किनाऱ्यावरच करा. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, हवेचा दाब कमी. तो मीटरला सांगितला नाही तर पाच-सहा टक्क्यांची चूक होते.

कॅप डिसेंबरात आली. सप्टेंबरच्या जागी ऑगस्ट-ऑक्टोबरची सरासरी टाक, असं दोघांनी सुचवलं. मी टाकली नाही. समुद्रात तरंगत आपोआप मोजमाप करणाऱ्या आर्गो फ्लोटच्या आकडेवारीत नोंद नसल्याची खूण ९ असते, तीच त्या रकान्यात लिहिली आहे.