माझ्या कानाचं काय?

"गुडघ्याचं ठीकाय हो डॉक्टर, पण माझ्या कानाचं काय?" आज मिरजेत भूलतज्ज्ञांसमोर आई असं म्हणाली आणि शेजारची सिस्टर हसली.

मला ते हसणं लागलं. आईच्या कानात कित्येक वर्षं रातकिड्यांसारखी किरकिर चालूय, कुकरच्या शिट्टीलासुद्धा ती कान दाबून धरते, आणि गुडघा बदलायचा म्हणजे कमरेत इंजेक्शन, माणूस बऱ्याचदा जागाच, मग ती हाडं कापायची करवत, हातोडा, सगळं ऐकू येणार ना तिला!

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, कानात कापूस घालून काही होत नाही मावशी, फोमचे इअरप्लग घालू, वर झोपेचं औषधही देता येईल. आणि फाईलवर लाल पेननं लिहिलं, टिनिटस (कानातली किरकिर) आहे, जेंटामायसिन, अमिकासिन शक्यतो टाळा. ही अँटिबायोटिक्स कानाच्या आतल्या पेशींना कायमची इजा करू शकतात, त्या परत तयार होत नाहीत.

तेवढी ओळ बघून आईचा चेहराच सुटला.

बीपी, शुगर, ॲलर्जी सगळे विचारतात, कानाचं आपणहून सांगावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी कानात आवाज असताना असं जागेपणी ऑपरेशन केलंय का? आईला तुमच्याकडून ऐकायचंय.