हळदीचे भाव, शेतकरी आणि आमचा एडिटर

2009 मध्ये सांगलीत आम्ही वेबसाइटचं काम सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी, तासगावकडचे बेदाणावाले आणि एक-दोन पतसंस्था. वेबसाइटचा कोड लिहायच्या प्रोग्रॅमला एडिटर म्हणतात, आणि तेव्हा ड्रीमविव्हर या एडिटरचा दबदबा होता. त्याच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, फोन नंबर बदलला की त्यावर बेतलेली सगळी पानं अपडेट व्हायची, आणि साध्या स्थिर साइटसाठी ती सोय खरंच चांगली होती. पण लोक त्याच्या डिझाइन व्ह्यूवर, म्हणजे पान दिसेल तसं दाखवणाऱ्या पडद्यावर, विसंबायचे आणि खालच्या कोडकडे बघायचेच नाहीत. मोबाइलवर नीट दिसणाऱ्या साइटची मागणी आली, पानं पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेतून तयार व्हायला लागली, तसा तो व्ह्यू निरुपयोगी होत गेला. परवान्याचा खर्चही होताच, आणि कॉपी केलेलं सॉफ्टवेअर वापरायचं नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं.

मग आलं नोटपॅड प्लस प्लस. फुकट, हलकं, जुन्या मशिनवरही पळणारं. लोडशेडिंगच्या काळात फाइल सेव्ह करायची राहिली की काम गेलंच. पुढे त्यात दर सात सेकंदांनी बॅकअप घेण्याची सोय आली, तिच्यासाठीच ते पुष्कळ वर्षं ठेवलं. मराठी साइट करणाऱ्याला मात्र त्याचा ‘एन्कोडिंग’ मेनू (अक्षरं फाइलमध्ये कशी साठवायची ते ठरवणारा) पाठ असावा लागतो. पीएचपीची फाइल बीओएम या एन्कोडिंगच्या खुणेसकट सेव्ह झाली, तर सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट जातात आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणत साइट अडून बसते. कोड कितीही वेळा वाचा, चूक सापडत नाही. कारण ती अक्षरांत नसतेच.

वेग म्हणजे काय ते सब्लाइम टेक्स्ट या एडिटरने दाखवलं. भावाचा तक्ता एक्सेलमधून यायचा आणि त्याचा एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, करायचा असायचा. एक शब्द निवडून कंट्रोल-डी दाबत गेलं की तसेच पुढचे शब्द निवडले जातात आणि सगळीकडे एकदम टाइप होतं. जोडीला एमेट, लघुरूपावरून पूर्ण कोड लिहून देणारं साधन: ‘टीआर’च्या (तक्त्याच्या ओळीच्या) आत ‘टीडी’ (रकाना) गुणिले चार असं लघुरूप लिहून टॅब दाबला की अख्खी ओळ तयार. इतकं शिकायला एक दुपार पुरते, तरी अनुभवी लोकही ती दुपार काढत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

अ‍ॅटम हा एडिटर आमच्याकडे दोघांना आवडायचा, पण चार जीबीच्या मशिनला तो झेपायचा नाही. तो बनवणाऱ्या गिटहबने 15 डिसेंबर 2022 रोजी तो बंद केला. गंमत अशी की त्याच्यासाठी बांधलेला इलेक्ट्रॉन हा पायाच पुढे व्हीएस कोड या एडिटरने घेतला, आणि त्यावर तो आजही उभा आहे.

व्हीएस कोड 2015 चा. आम्ही त्याच्याकडे वळलो ते भांडणं मिटवायला. कुणाचा टॅब, कुणाच्या स्पेस, कुणाच्या ओळींची शेवटची खूण विंडोजची तर कुणाची लिनक्सची. एका शब्दाची दुरुस्ती केली तरी गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, पूर्ण फाइल बदललेली दिसायची. आता प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच टॅब की स्पेस ते ठरवणारी एडिटरकॉन्फिगची फाइल, कोडची मांडणी करणाऱ्या प्रेटियरचे नियम आणि लागणाऱ्या एक्स्टेन्शनची (एडिटरला जोडायच्या जादा सोयींची) यादी असते. नव्या मुलाने फोल्डर उघडलं की एडिटरच त्याला यादीतली एक्स्टेन्शन सुचवतो आणि सेव्ह करताच कोड ठरल्या पद्धतीने मांडला जातो. यादी आम्ही मुद्दाम छोटी ठेवतो. दिसेल ते एक्स्टेन्शन टाकणाऱ्यांचा एडिटर उघडेपर्यंत चहा होतो. कुठलं एक्स्टेन्शन त्रास देतंय ते कळत नसेल, तर ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ ही आज्ञा चालवावी. ती निम्मी निम्मी बंद करत गुन्हेगार शोधून देते.

एडिटरची खरी परीक्षा मराठीच घेते. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द आमच्या बहुतेक साइटवर असतो. त्यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेल्या ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडायची खूण) जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण ‘फाइंड’ला एक दिला की दुसरा सापडत नाही, म्हणजे ‘सगळीकडे बदला’ म्हटलं तरी निम्मे शब्द जुनेच राहतात. म्हणून आम्ही दोन्ही रूपं पकडणारं रेगेक्स, म्हणजे शोधाचं सूत्र, जपून ठेवलंय, आणि गिऱ्हाइकाकडून आलेला मजकूर आधी एका छोट्या स्क्रिप्टमधून काढून एकाच रूपात आणतो. शिवाय मराठी मजकूर कोडमध्ये न मिसळता वेगळ्या फाइलीत ठेवतो. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे उभ्या रांगेत निवड करताना ओळी हलतात.

कोड सुचवणारी एआय साधनं आम्हीही वापरतो, विशेषतः फॉर्मच्या तपासण्या लिहिताना. पतसंस्थांच्या कामात मात्र ती बंद, आणि सभासदांची खरी माहिती प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणायचीच नाही, चाचणीला बनावट नावं घ्यायची.

आमच्यातला सगळ्यात तरुण मुलगा निओव्हिम या कीबोर्डवरून चालवायच्या एडिटरमध्ये काम करतो, माउसला हातही लावत नाही. एडिटरकॉन्फिग आणि प्रेटियरचे नियम तोही पाळतो, त्यामुळे कुठली फाइल त्याने लिहिली ते गिटचा इतिहास उघडल्याशिवाय मला कळत नाही.